घरचं मैदान नेमकं कुणाचं?

आमच्या येरमाळ्याचं वर्षाचं वेळापत्रक ठरवायला कुठली कमिटी बसत नाही. चैत्री पौर्णिमा आली की येडेश्वरीची यात्रा. पालखी निघते, माणसं चुनखडी वेचायला येतात, सोलापूर-धुळे हायवेवर गाड्यांची रांग लागते. तिथी पंचांगात छापलेली असते आणि लोक तिथीला येतात. "पालखी जरा साडेसातला काढा, आधी जाहिराती आहेत" असं देवीला सांगायची अजून कुणाची हिंमत झालेली नाही!

आयपीएलही याच चैत्र-वैशाखात येते. (आपली सबमिशन्सही. यामागे काहीतरी कट असावा असा माझा जुना संशय आहे.) पण आयपीएलची तिथी पंचांगात सापडत नाही. मॅच किती वाजता, कुठल्या गावात, आठवड्याच्या कुठल्या दिवशी, हे कोण ठरवतं? आणि त्यावर एखादा संघ जगतो किंवा मरतो तो कसा? टीव्ही रूममध्ये रिमोटवरून भांडणाऱ्या जनतेला हा प्रश्न सहसा पडत नाही, म्हणून हा लेख. माझी रूममेट म्हणाली, "मॅगझिनला काहीतरी टेक्निकल दे ना!" बाई गं, हे टेक्निकलच आहे. कॅल्क्युलेटर जवळ ठेव.

पहिलं गणित. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आयपीएल दाखवण्याचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले, टीव्ही आणि मोबाईल मिळून. म्हणजे वर्षाला साधारण ९,६७८ कोटी. यातला ढोबळमानाने निम्मा वाटा दहा संघांत वाटला जातो असं धरलं, तर एका संघाच्या पदरात वर्षाला ४८० कोटींच्या आसपास पडतात. आता तिकिटं बघू. वानखेडेवर साधारण ३३ हजार माणसं बसतात. तिकिटाचा सरासरी दर मी उदार होऊन ३,००० रुपये धरते. स्टेडियम खचाखच भरलं तरी एका मॅचचे ९ कोटी ९० लाख. घरच्या मॅचेस सात, म्हणजे सगळे मिळून ६९ कोटी. टीव्हीचे पैसे तिकिटांच्या सातपट झाले! मग मॅचची वेळ कुणाच्या सोयीने ठरणार, उन्हात रांग लावणाऱ्याच्या की सोफ्यावर बसणाऱ्याच्या?

साडेसात ही वेळ अशीच आली. माणूस ऑफिसातून घरी येतो, हातपाय धुतो, ताट घेऊन टीव्हीसमोर बसतो, ती वेळ. २०१९ पर्यंत मॅच आठला सुरू व्हायची, आणि ती संपेपर्यंत मध्यरात्र व्हायला आलेली असायची. अर्धा तास अलीकडे आणला. पण रात्री दव पडतं. दुसऱ्या डावात चेंडू ओला होतो, स्पिनरच्या हातातून निसटतो, आणि टॉस जिंकणारा आधी फील्डिंग घेऊन मोकळा होतो. म्हणजे वेळ ठरवली प्रेक्षकासाठी आणि त्याचा परिणाम झाला ऑफस्पिनरवर. शेवटी २०२५ मध्ये नियमच बदलला. रात्रीच्या सामन्यात दुसऱ्या डावाच्या दहाव्या षटकानंतर चेंडू बदलून मागायची सोय झाली. २००९ मध्ये डावाच्या मधोमध साडेसात मिनिटांची विश्रांती आली होती, तिला 'स्ट्रॅटेजिक टाइमआउट' असं भारदस्त नाव दिलं होतं. त्यात स्ट्रॅटेजी कमी आणि शीतपेय जास्त हे आमच्या आजीलाही कळलं होतं.

टीव्हीचा पैसा नव्हता तेव्हा भांडणं होत नव्हती असं मात्र नाही. तेव्हा ती मैदानाच्या करारावरून होत. मुंबईचं ब्रेबर्न स्टेडियम १९३७ चं, मालकी क्रिकेट क्लब ऑफ इंडियाची. सामने भरवणार बॉम्बे क्रिकेट असोसिएशन, पण खुर्च्या किती कुणाच्या हे मालक ठरवणार. भाडेकरू आणि घरमालक यांचं जे होतं तेच झालं. असोसिएशनचे अध्यक्ष बॅरिस्टर शेषराव वानखेडे तेव्हा विधानसभेचे अध्यक्षही होते. त्यांनी चालत जाण्याच्या अंतरावर नवीन स्टेडियमच उभं केलं. जानेवारी १९७५ मध्ये तिथे वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झाली, आणि ब्रेबर्नला पुढची कसोटी बघायला मिळाली ती थेट डिसेंबर २००९ मध्ये. सिव्हिलच्या मित्रांनी लक्षात घ्यावं, तिकिटांच्या भांडणातून एवढं काँक्रीट ओतलं गेलेलं आहे.

टीव्हीचा पैसा आला नव्वदच्या दशकात. १९९३ च्या हिरो कपचं प्रक्षेपण कुणी करायचं यावरून दूरदर्शन आणि क्रिकेटवाले कोर्टात गेले. फेब्रुवारी १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रक्षेपणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. तिथून पुढे सामना ही विकायची वस्तू झाली.

आता खरी केस स्टडी: पुणे वॉरियर्स. हा संघ आपल्या ज्युनिअर्सना आठवतही नसेल, पण या विषयाचं यापेक्षा चांगलं उदाहरण महाराष्ट्रात मला सापडलं नाही.

मार्च २०१० मध्ये सहारा समूहाने पुण्याचा संघ ३७ कोटी डॉलर्सना घेतला. दहा वर्षांत फेडायचे, म्हणजे वर्षाला ३ कोटी ७० लाख डॉलर. त्या वेळी हिशेब असा मांडला गेला की आता संघ दहा होणार, प्रत्येक जण प्रत्येकाशी दोनदा खेळणार, म्हणजे दहा गुणिले नऊ, नव्वद सामने, वर बाद फेरीचे चार, एकूण ९४. एका संघाला साखळीत १८ सामने, त्यातले नऊ घरी. प्रत्यक्षात २०११ चं वेळापत्रक आलं ते ७४ सामन्यांचं. प्रत्येकी १४, त्यातले सात घरी. ९४ सामने खेळवायला लागणारे दिवस उन्हाळ्यात आणायचे कुठून?

हप्ता मात्र तेवढाच राहिला. १८ सामने धरले तर एका सामन्याला साडेवीस लाख डॉलर पडतात, १४ धरले तर साडेसव्वीस लाखांच्या आसपास. मैदानावर एक चेंडू टाकण्याआधीच सामन्यामागचा खर्च २९ टक्क्यांनी वाढला! इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्सच्या पेपरला फिक्स्ड कॉस्टवर जे गणित येतं ते हेच. सहाराची तक्रार हीच होती, आम्ही बोली लावली ९४ सामन्यांवर. पुढच्या वर्षी कोचीचा संघ गळाला आणि प्रत्येकी १६ सामने झाले, पण वाद मिटला नाही.

मैदानाची कथा तर आणखी मजेशीर. पहिल्या वर्षी पुण्याच्या संघाला पुण्यात मैदानच नव्हतं. 'घरचे' सामने झाले नवी मुंबईत, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. पुणेकराला घरच्या संघाला चिअर करायला घाट उतरून जावं लागे. पुणेकर इतक्या लांब कौतुक करायला जात नाही, हे कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं. २०१२ मध्ये गहुंज्याचं स्टेडियम तयार झालं, एक्स्प्रेस वेच्या कडेला, डोंगरांच्या कुशीत, खरोखर सुंदर. स्टेडियमला नाव द्यायचा करारही सहारानेच केला. मग पैसे थकले आणि २०१३ मध्ये स्टेडियमवरचं नाव उतरलं. त्याच वर्षी मे महिन्यात बोर्डाने बँक गॅरंटी वटवली, सहाराने आयपीएल सोडायची घोषणा केली आणि ऑक्टोबरमध्ये बोर्डाने करार संपवला. तीन हंगाम. संघ वाईट खेळला हे खरंच, गुणतक्त्यात तळाशीच असायचा. पण वाईट खेळणारे संघ टिकतात, बंगळुरूने अठरा वर्षं वाट बघून २०२५ मध्ये कप उचलला. पुण्याचा संघ गेला तो वेळापत्रक, हप्ता आणि मैदान या तीन गोष्टींच्या कात्रीत.

२०१६ मध्ये पुण्याला दोन वर्षांच्या बोलीवर दुसरा संघ मिळाला, आणि तिथे आपला मराठवाडा या गोष्टीत येतो.

ते वर्ष आठवतंय ना? मी दहा वर्षांची होते. आमच्या गल्लीत टँकरचा हॉर्न वाजला की आजी मला अभ्यासावरून उठवायची, हंडा धरायला. एरवी अभ्यासावरून उठवणं तिच्या तत्त्वात बसत नसे. १२ एप्रिलला शेजारच्या लातूरला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिलला, मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला की ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या. मुंबई, पुणे, नागपूर इथल्या मैदानांना साठ लाख लिटर पाणी लागेल असा आकडा त्या वादात पुढे आला होता. साठ लाख भागिले पाच लाख, म्हणजे लातूरच्या त्या पहिल्या रेल्वेच्या बारा फेऱ्या.

या निर्णयावर तेव्हा खूप वाद झाला. गहुंज्याच्या गवताला न घातलेलं पाणी कळंब तालुक्यात नळाला येणार नव्हतं, हे उघड आहे. तरी माझ्या मते कोर्ट चुकलं नाही. ज्या राज्यात पाणी रेल्वेने न्यावं लागतं तिथे आधी काय, हे कुणीतरी मोठ्याने म्हणणं गरजेचं होतं. पण या लेखाच्या दृष्टीने खरी गोष्ट पुढची आहे. पुण्याच्या आणि मुंबईच्या संघांनी महिन्याभरात 'घर' बदललं. दोघांनीही विशाखापट्टणम निवडलं! फायनल मुंबईहून बंगळुरूला गेली. आणि टीव्हीवर काय फरक पडला? काहीच नाही. तेच दिवे, तेच चीअरिंग, तीच कॉमेंट्री, वेळही तीच. तिकिटांवर जगणारा संघ एवढ्या हलवाहलवीत कोलमडला असता. हा कोलमडला नाही, कारण त्याचं खरं घर विशाखापट्टणमलाही नव्हतं आणि पुण्यालाही नव्हतं. नुकसान झालं ते गहुंज्याच्या मैदानाचं, पार्किंगवाल्यांचं, वडापाववाल्यांचं, टोप्या-झेंडे विकणाऱ्या पोरांचं. त्यांचा वाटा कुठल्याच करारात नसतो.

उरलेली गोष्ट भराभर सांगते. २०१७ ला पुण्याचा तो संघ फायनलमध्ये मुंबईकडून एका धावेने हरला आणि दोन वर्षांची मुदत संपून विसर्जित झाला. जानेवारी २०१८ मध्ये थकलेल्या कर्जापोटी बँकांनी गहुंज्याच्या स्टेडियमचा प्रतीकात्मक ताबा घेतला. तीनच महिन्यांनी चेन्नईत कावेरीच्या पाण्यावरून आंदोलन पेटलं आणि चेन्नईचे घरचे सामने आले... गहुंज्याला! (पुन्हा पाणीच.) चेन्नईहून पिवळे टी-शर्ट घातलेल्या लोकांची खास रेल्वे पुण्याला आली. मैदान पुण्यात, संघ चेन्नईचा. त्यानंतर पुण्याच्या नावाचा संघ आयपीएलमध्ये आलेला नाही.

हे सगळं फक्त आपल्याकडे होतं असं समजायचं कारण नाही. ऑस्ट्रेलियात त्यांचं स्वतःचं एक फुटबॉल आहे, लंबगोल चेंडूचं, क्रिकेटच्याच मैदानांवर हिवाळ्यात खेळतात. त्यातले बरेचसे क्लब मेलबर्न शहरातल्या एकेका मोहल्ल्याचे, शंभर-सव्वाशे वर्षं जुने. साउथ मेलबर्न नावाचा असाच एक क्लब कर्जात बुडाला आणि १९८२ मध्ये उचलून सिडनीला नेला गेला. त्याचे सामने रविवारी होऊ लागले आणि मेलबर्नचे लोक ते टीव्हीवर बघू लागले. २००० मध्ये मेलबर्नच्या डॉकलँड्स भागात छप्पर मिटणारं नवं स्टेडियम झालं. छोट्या क्लबांचे तिथले करार असे होते की सामन्यामागे ठरावीक खर्च क्लबच्या माथी. समजा तो खर्च निघायला २५ हजार माणसं लागतात आणि आली १८ हजार, तर क्लब सामना जिंकूनही खिशातले पैसे भरून घरी जाणार. शुक्रवारी रात्रीची सगळ्यात चांगली वेळ मोठ्या क्लबांना, कारण टीव्हीला गर्दी हवी. लहान क्लबाला रविवारची पडेल वेळ, म्हणून गर्दी कमी, म्हणून स्पॉन्सर कमी, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा रविवार. कंट्रोल सिस्टिमच्या भाषेत हा पॉझिटिव्ह फीडबॅक लूप, आणि अशी सिस्टिम स्टेबल नसते हे आपण तिसऱ्या वर्षी शिकतो. मात्र तिथल्या लीगने २०१६ मध्ये ते स्टेडियमच विकत घेतलं. करार नडत असेल तर घरमालक व्हायचं, ही आपल्या बॅरिस्टर वानखेड्यांचीच युक्ती.

आता कबड्डी. कबड्डीला टीव्हीने काय दिलं हे नाकारणं कृतघ्नपणा होईल. २०१४ च्या जुलैमध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि आमच्या गावात ज्या पोरांना "काय ती मातीत लोळतात" म्हणायचे, त्यांच्याकडे लोक आदराने बघायला लागले. तीस सेकंदांची चढाई, तिसरी चढाई 'करो या मरो', हे सगळं पडद्यासाठी बेतलेलं. पण खेळ त्याने बिघडला नाही, उलट घट्ट झाला असं माझं मत. सुरुवातीला लीग गावोगाव फिरायची. एका शहरात मुक्काम, त्या शहराच्या संघाचे घरचे सामने तिथे लागोपाठ, मग मॅट, दिवे, कॅमेरे गुंडाळून पुढचं शहर. अगदी तमाशाच्या फडासारखं. २०२१-२२ चा हंगाम करोनामुळे बंगळुरूच्या एका हॉटेलच्या आवारात उरकला, आणि बहुधा तिथेच हिशेब करणाऱ्यांच्या लक्षात आलं की फड न हलवताही चालतं. २०२१ ते २०२५ च्या पाच हंगामांचे हक्क सुमारे ९०८ कोटींना गेले होते. म्हणजे सामन्याला दीड कोटीच्या आत-बाहेर. आयपीएलचा सामना ११८ कोटींचा! दीड कोटीत बारा शहरं फिरणं परवडत नाही, हे गणित मला समजतं. २०२३-२४ ला एकदा पुन्हा बारा शहरं फिरून झाली, तेव्हा पुणेरी पलटण अजिंक्य ठरली (फायनल हैदराबादला). २०२४ ला तीन शहरं उरली, त्यात पुणे होतं. २०२५ ला चार: विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई, दिल्ली. पलटण पुन्हा फायनलला गेली, दिल्लीकडून दिल्लीतच २८-३१ अशी हरली, आणि अख्ख्या हंगामात पुण्यात एकही सामना खेळली नाही. यू मुंबाही मुंबईत खेळली नाही. पुणेरी हा शब्द आता जर्सीवर उरलाय.

आणि खो-खो. इथे मात्र मला तटस्थ राहता येत नाही. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये थ्रोबॉल होता, खो-खो 'रफ' समजला जायचा. पण आमचा धाराशिव जिल्हा खो-खोचा आहे, त्यातही मुलींच्या खो-खोचा. सारिका काळे धाराशिवची. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या कप्तानीखाली भारताने सुवर्ण जिंकलं, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० ने हरवलं, त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती.

खो-खोचीही लीग निघाली, 'अल्टिमेट खो खो'. पहिला हंगाम २०२२ मध्ये, सगळा पुण्याच्या बालेवाडीत. दुसरा २०२३-२४ ला, सगळा कटकला. सहा संघ: मुंबई, चेन्नई, गुजरात, ओडिशा, राजस्थान आणि तेलुगू. पुढे-मागे जायला मोकळा असा 'वजीर' आणला, बाजूला नऊऐवजी सात खेळाडू, नऊ मिनिटांच्या जागी सात मिनिटं, माती जाऊन मॅट. बघायला छान वाटतं, खोटं कशाला बोलू. पण सहाही संघ पुरुषांचे. ज्या जिल्ह्याने मुली घडवल्या त्या जिल्ह्याला या लीगमध्ये विकायला काही नाही, आणि ज्या राज्यात हा खेळ मोठा झाला त्या राज्याच्या वाट्याला सहांतला एक संघ, तोही एका हंगामात कटकला 'घरी' खेळलेला. मुलींची लीग काढायची तर काय लागेल? एक चॅनल, एक वेळ, एक बंदिस्त हॉल. खेळाडू तयार आहेत.

हॉलचं मी मोजून पाहिलं. खो-खोचं पूर्ण मैदान २७ मीटर बाय १६, भोवतीची मोकळी जागा वेगळी. आपल्या जिमखान्याच्या हॉलमध्ये बॅडमिंटनची दोन कोर्टं शेजारी-शेजारी कशीबशी बसतात, आणि एक कोर्ट साडेतेरा बाय सहा. लांबी निम्मी कमी पडते. ज्यांचं फायनल इयरचं स्ट्रक्चरचं प्रोजेक्ट अजून ठरलेलं नाही त्यांनी कळवावं: स्पॅन किमान वीस मीटर, मधे खांब चालणार नाही, छताला कॅमेऱ्याचं आणि दिव्यांचं लोड धरायचं, जागा धाराशिव. पाण्याचं बजेट शून्य, कारण मॅटला पाणी घालावं लागत नाही.